त्यांच्या मुलांची झोप

हेडसरांनी शिपाईमावशींना सतरंजी आणायला सांगितली. स्टेजवर अंथरून घेतली. मग माईकवरून माझं नाव पुकारलं आणि म्हणाले, "वर्गात नीट झोप लागत नाही ना तुला? इथे झोप. सगळ्यांना बघू दे."

प्रार्थना नुकतीच संपलेली. सव्वासात वाजलेले. सगळी शाळा रांगेत. मी आठवीत होते.

मी वर गेले. चपला काढल्या. आडवी झाले. पोरं हसली. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. पाठ टेकली आणि मला खरंच झोप लागली.

डोळे उघडले तेव्हा मैदान रिकामं. मावशी खांदा हलवत होत्या. "ऊठ गं बाय. पयला तास सपला." माझ्याकडे बघत नव्हत्या.

आम्ही राहनाळच्या बौद्धवाडीत राहायचो. आई वळ गावातल्या गोदामात पॅकिंगला. ओव्हरटाइम करून दहाला घरी यायची. वाडीतल्या नळाला पाणी पहाटे साडेतीनला. ते भरणं माझ्याकडे. सातवीपर्यंत शाळा बाराची होती. पाणी भरून पाचला पुन्हा पडायची ती नऊपर्यंत. सातवीत वर्गात दुसरी आले. आठवीत शाळा सकाळची झाली. सातची. सहाला घर सोडायचं. गणिताच्या तासाला मान पडायची. का बदलली, आम्हाला कुणी सांगितलं नाही.

स्टेजच्या दुसऱ्या दिवशी आईला बोलावलं. खाडा करून आली. आम्ही ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलो. दार उघडं होतं. आत संस्थेचे अध्यक्ष. सगळे त्यांना शेठ म्हणायचे. आईचं गोदामही त्यांचंच. समोर आमच्याच इमारतीत निघालेल्या नव्या इंग्रजी माध्यमात मुलाला घालायला आलेल्या एक बाई. त्यांनी वेळ विचारली.

शेठ म्हणाले, "तुमची दुपारचीच ठेवलीय मॅडम. या वयात मुलांची झोप पूर्ण व्हायला पाहिजे. सकाळी मराठीवाल्यांना घातलंय."

आईनेही ऐकलं. पदर सारखा केला. मला राग आला असंही नाही. एवढंच कळलं, की मुलांना झोप पुरी मिळावी लागते हे यांना माहीत आहे.

बाई गेल्या. आम्हाला आत घेतलं. सरांनी कागद पुढे सरकवला. आधीच लिहून ठेवलेला. मी आळशीपणामुळे वर्गात झोपते, माफी असावी. आईला नाव लिहिता यायचं. तिने पेन उचललं.

मी तिचा हात धरला. "आई, सही करू नको."

सर म्हणाले, मग उद्यापासून येऊ नको. मी म्हटलं, "येणार. पण माफी मागणार नाही. मी आळशी नाही."

शेठ आईकडे बघून हसले. "गोदामात पण अशीच तोंडं चालवता का?"

आईने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "पोर खोटं न्हाय बोलत. पाणी तीच भरते." मग उठली.

पुढच्या आठवड्यात तिला कामावरून काढलं. कारण सांगितलं नाही. रडली नाही. चुलीपुढे बसून म्हणाली, दुसरं गोदाम बघीन, तू शाळा सोडू नको. तीन महिन्यांनी पडघ्याकडे काम मिळालं. रोज दोन गाड्या बदलून.

मला शाळेतून काढलं नाही. शेवटच्या बाकावर टाकलं, एकटीला. कुणी विचारत नव्हतं. मी झोपायची, उठायची, लिहायची. त्या वर्षी गणितात नापास झाले, तरी वरच्या वर्गात ढकललं.

नववीत अर्ज लिहिला. शाळा पुन्हा बाराची करा. वाडीत घरोघरी फिरले. सह्या झाल्या, अंगठे झाले. काहींनी दार लावून घेतलं, त्यांच्याही घरची माणसं शेठच्या गोदामात होती. ऑफिसने अर्ज घेतला नाही. मी पोस्टाने पाठवला. उत्तर नाही.

दहावी झाले, लग्न झालं, कामाला लागले. शाळा अजून सातचीच आहे. शेठ गेले, खुर्चीत मुलगा बसतो. दर जूनला मी वाडीत जाते, आठवीत गेलेल्या पोरींची नावं लिहून घेते, नवा अर्ज लिहिते. मुलगाही अर्ज घेत नाही. मागच्या वेळी म्हणाला, ताई, किती वर्षं करणार हे?

मी म्हटलं, "तू वेळ बदलेपर्यंत."