उद्या सकाळी उपाशी ठेवा

"हर्निया आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे पोटाच्या स्नायूंच्या भिंतीला भोक पडून आतडं कातडीखाली बाहेर येतं. आमचे हे नाकाडोंगरीकडच्या खाणीत ओझी उचलायचे, त्यातूनच झालं असावं. "ऑपरेशन करून घ्या. आतडं भोकात अडकलं तर जिवावर बेतेल," असंही त्यांनी बजावलं. त्या धाकानं आम्ही लगेच भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात भरती झालो.

संध्याकाळी सिस्टर सांगायची, "उद्या सकाळी उपाशी ठेवा." ह्यांना पाण्याचा थेंबही नाही. दुपार कलली की निरोप यायचा, आज नाही. एकदा भूल देणारे डॉक्टरच आले नाहीत. एकदा ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र, बिघडलं. मग कुटुंबनियोजनाचं शिबिर लागलं, ऑपरेशनचं टेबल त्यांनाच. अहो, शिबिर काय आभाळातून पडतं? आदल्या दिवशी कोणालाच माहीत नसतं?

हे चिडायचे. "मी का इथं उपास कराले आलो का वं?"

पुढच्या खेपेला माझी नणंद कारध्याहून किटलीत चहा घेऊन आली. "आजबी नाई होत," ती म्हणाली. "वहिनी, काहून उपाशी मारून राहिली मानसाले? पी रे बापू." ह्यांनी चहात टोस्ट बुडवून खाल्ले. तोंड पुसतात न पुसतात तोच वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन हजर!

"भरल्या पोटी भूल दिली तर उलटी फुप्फुसात जाते, कळत नाही?" डॉक्टर ओरडले आणि परत पाठवलं. नणंद बिचारी पदर तोंडाला लावून रडत बसली.

दुसऱ्या दिवशी रविवार, थिएटर बंद. त्याच दिवशी आतडं अडकलं. पोट फुगलं, उलट्या थांबेनात. धावाधाव करून डॉक्टरांना बोलावलं. आतड्याचा काळा पडलेला तुकडा कापावा लागला. जीव वाचला, ते उपकार मी विसरणार नाही. पण खाणीतलं काम कायमचं सुटलं.

काही वर्षांनी मुलीच्या अपेंडिक्ससाठी त्याच दवाखान्यात गेले. नवे सर्जन संध्याकाळी सिस्टरला घेऊन खाटेखाटेला फिरले. "उद्या पहिला नंबर हिचा, मग त्या आजींचा. अवजारं तयार आहेत, भूलवाले डॉक्टर येणार आहेत. बाकीच्यांनी सकाळी पोटभर खा."

ऑपरेशनला जाणाऱ्यांनो, आदल्या संध्याकाळी एवढं विचाराच. भीड धरू नका.

सकाळी मुलीला वेळेवर आत नेलं. शेजारच्या खाटेवरची बाई डबा उघडून निवांत पोळी खात होती. तिच्याकडे बघता बघता मला संतापानं रडूच फुटलं. एवढं सांगायला काय लागत होतं हो?