मोरीचा उतार

शेजारी बांधकाम चाललंय, आणि ओल्या सिमेंटचा वास आला की मला अक्कलकुव्याच्या घरातली मोरी आठवते. ठेकेदारानं तिचा उतारच उलटा काढला होता. पाणी जाळीकडे जायच्याऐवजी स्वयंपाकघरात यायचं. सासूबाई तिथं घसरून पडल्या, तेव्हा मी त्याचे उरलेले पैसे अडवले. मग त्यानं वसुलीसाठी एक माणूस पाठवला. भर उन्हात मोटरसायकलवरून आलेला, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. मी त्याच्यासमोर मोरीत बादलीभर पाणी ओतलं. "ताई, पानी तं घरमा ई ऱ्हायनं," तो पाय मागे घेत म्हणाला. मी म्हटलं, "आठेच मन्ही सासू पडनी, दादा. ह्या कामना पैसा कसा देऊ?" त्यानं कागदावर 'काम सदोष' असं लिहिलं आणि निघताना म्हणाला, "मी लिखी दिन्हं, पन ठेकेदार दुसरा मानूस धाडीच." तसंच झालं. दर वेळी नवा माणूस, नवी नोटीस आणि पुन्हा तीच बादली. पुरावा राहावा म्हणून मी मोरीला कुणाला हात लावू दिला नाही. सासूबाई भिंत धरून, जपून पाऊल टाकत आंघोळीला जायच्या. वर्षभरानं मागणी मागे घेतल्याचं पत्र आलं. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "मंग आते तरी मोरी नीट करशी ना?" पुढच्या आठवड्यात गवंडी आला, अर्ध्या दिवसात काम झालं. सासूबाई आता नाहीत, आणि माझंच बरोबर होतं हे कुणाला सांगावंसंही वाटत नाही.