परतसाहेबांची एक सही

आमच्या शेजारचे परतसाहेब सरकारी लिफ्ट-निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. हे नाव त्यांना मेकॅनिक लोकांनी दिलेलं. एखादी चाचणी नीट झाली तरी हे शांतपणे म्हणायचे, "परत करा." घरातही तेच. बायकोने गॅस बंद केला की हे उठून बटण चाचपून येत. "लग्नाआधी मला भेटायलासुद्धा दोनदा आले होते," ती सांगायची. "म्हणे, पहिल्या वेळी उजेड कमी होता."

एकुलती एक लेक म्हणजे त्यांचा जीव की प्राण. गेल्या वर्षी तिने सातव्या मजल्यावर घर घेतलं. ते दाखवायला आईवडिलांना घेऊन गेली, तेव्हा लिफ्टमध्ये शिरताच तिने भिंतीकडे बोट केलं. इमारतीचा पहिला दाखला बिल्डरने काचेच्या चौकटीत लावून ठेवला होता, बावीस वर्षांपूर्वीचा.

"बाबा, ओळखा सही कोणाची! मी हे बघितलं आणि ह्यांना म्हटलं, आता दुसरं घर बघायचंच नाही."

परतसाहेबांनी तारीख वाचली. शेजारी उभ्या नातीचा हात त्यांनी इतका घट्ट धरला की ती ओरडली, "आबा, दुखतंय ना!"

ती तारीख विसरणं त्यांना शक्यच नव्हतं. लिफ्ट भलत्या वेगाने खाली जाऊ लागली, तर तिच्या तळाचे लोखंडी जबडे बाजूच्या रुळांना करकचून धरतात आणि ती जागच्या जागी अडकते. त्या जबड्यांची चाचणी तेव्हा व्हायची होती. वजनासाठी वाळूची पोती अर्धी चढवून झाली होती. तेवढ्यात निरोप आला, मुलगी शाळेत झोक्यावरून पडली, शुद्धीवर नाही. साहेब तसेच धावले. चार दिवस तिच्या उशाशी बसून होते. पाचव्या दिवशी मेकॅनिक कागद घेऊन दवाखान्यातच आला.

"तुम्ही गेल्यावर आम्ही करून घेतली चाचणी, साहेब. एकदम फर्स्ट क्लास."

समोर लेक पहिल्यांदाच चमच्याने दूध पीत होती. साहेब 'परत करा' म्हणाले नाहीत. त्यांनी सही केली.

पुढे दरवर्षी निरीक्षक येत गेले. पण या चाचणीला अर्धा दिवस मोडतो. लिफ्टच्या नोंदवहीत परतसाहेबांची सही दिसली की येणारा म्हणे, त्यांनी बघितलंय म्हणजे बघितलंय. दोर आणि दरवाजे पाहून तोही सही करी. अशा बावीस सह्या त्या एका सहीवर उभ्या होत्या.

त्या दिवसापासून परतसाहेब सकाळ-संध्याकाळ लेकीच्या इमारतीत हजर. नातीला जिन्याने उतरवायचे, जिन्यानेच चढवायचे. चौथ्या मजल्यावर गुडघे बोलायला लागत. नात म्हणे, "आबा, तुम्ही इंजिनासारखे वाजता." पण लेक-जावई दिवसातून चारदा लिफ्टने जात-येत. दार बंद झाल्याचा आवाज आला की साहेब तळहात भिंतीला लावून उभे राहत आणि सातवर दिवा लागेपर्यंत श्वास सोडत नसत.

"बाबा, हे काय चाललंय?" लेक चिडली. "लोक हसतात. स्वतःच्या सहीवर भरवसा नाही का तुमचा?"

"व्यायाम होतो गं," ते म्हणाले.

सहाव्या दिवशी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले.

"अहो, मग लेकीला सांगा."

"तोंड बघेल का माझं?"

"न का बघेना. हातीपायी धड राहील ना!"

लेकीला सांगायचं धाडस तरीही झालं नाही. त्यांनी आपल्या जुन्या कचेरीला अर्ज लिहिला: चाचणी मी पाहिली नव्हती, तरी सही केली. दुसऱ्याच दिवशी नव्या निरीक्षक बाई आल्या. त्यांनी लिफ्टला कुलूप घातलं आणि वाळूची पोती मागवली.

चाचणीच्या दिवशी सारी इमारत खाली जमली. "साहेबांनी रिटायर होऊनही पिच्छा सोडला नाही," कोणीतरी हसलं. लेक नातीला धरून उभी होती. पोती भरलेली लिफ्ट, आत माणूस नाही, वरून निघाली. बाईंनी गच्चीवरच्या मेकॅनिकला फोनवर सांगितलं, "आता पाड."

जबडे आवळताना लोखंड किंचाळतं. परतसाहेबांनी तो आवाज हजारदा ऐकला होता. ते कान देऊन उभे राहिले.

काहीच वाजलं नाही. पाच, चार, तीन, असे आकडे उतरत राहिले. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर आली तेव्हा मेकॅनिकने वरून वीज तोडली, मोटारीचा ब्रेक लागला आणि कुठे ती थांबली.

"चला, काही झालं नाही!" लोकांनी सुस्कारा सोडला. एकाने तर टाळी वाजवली.

परतसाहेब पायरीवर बसले. बाईंचा चेहरा उतरला होता. "धरलंच नाही," त्या हळूच म्हणाल्या. "दोर गेला असता, तर सरळ खाली."

टाळी विरली. लेकीने आधी बाईंकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"चाचणी मी बघितली नव्हती. तू दवाखान्यात होतीस. मेकॅनिक तिथेच कागद घेऊन आला, मी सही केली."

"आणि सहा दिवस आम्ही वर-खाली करत होतो?"

तिने नातीला कडेवर उचललं, एवढी मोठी मुलगी.

"बाबा, मेकॅनिकने तेव्हा एकच कागद आणला होता?"

परतसाहेबांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. त्यांना चमचा आठवला, दूध आठवलं, लेकीच्या कपाळावरची पट्टी आठवली. मेकॅनिकच्या हातात किती कागद होते, ते मात्र काही केल्या दिसेना.

"आठवत नाही गं," ते म्हणाले. "मी तुझ्याकडेच बघत होतो."

बाई पायरीवर त्यांच्याशेजारी बसल्या आणि त्यांनी वही उघडली.

"महिना सांगा, साहेब. त्या महिन्यातले तुमच्या सहीचे सगळे दाखले काढते, बाकीच्या इमारतींचेही."

त्यांनी महिना सांगितला. मग वर्ष. बाईंनी लिहून घेतलं, तरी त्यांनी ते आणखी एकदा सांगितलं.