न दुखणारी टाच

मंडळी, आज ठाण्याला आईसोबत माझ्याही टाचेचा एमआरआय काढला. तिची टाच दुखते, माझी दुखत नाही, म्हणून तुलनेसाठी. दोघी कथक करतो. मी तिच्याकडूनच शिकले.

डॉक्टरांनी मला एकटीला बोलावलं. "चित्रात सगळं ठीक दिसतंय. पण स्कॅनमध्ये मोजलेले आकडे सांगतात, तुमचीही टाचेमागची शीर, अकिलीस टेंडन, झिजायला लागलीय. सध्या नाच थांबवा."

मी थँक्यू म्हटलं. मला काहीच वाटलं नाही.

बाहेर आईने विचारलं, "तुझी धड आहे ना गं? लहानपणी फार पाय आपटायला लावले मी तुला."

मी आईशी खोटं बोलत नाही. आज म्हणाले, "धड आहे."

"सुटले बाई! मग उद्यापासून माझा क्लास तूच घे."

आता डोंबिवलीला घरी बसून ती मुलींच्या आयांना फोनवर हेच सांगतेय. तिला कोणत्या तोंडाने सांगू?