तोंडातली लवंग

इंदूमावशी कुणाच्याही घरात शिरल्या की आधी पाणी मागायच्या. तहान असो की नसो. पडवीत टेकायच्या, पदरानं कपाळ पुसायच्या आणि आतल्या बाईला हाक मारायच्या, "पाणी दे गं बाई, घसा वाळला." पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंना नक्की शुगर असणार. एका दुपारी पाच घरं आणि पाच तांबे म्हणजे काय! शेवटी न राहवून मी विचारलं, तर मावशी गाडीच्या सीटवर बसल्या बसल्या हसायला लागल्या.

"अगं, पाणी कुणाला पायजे? ती उठती कशी, ते बघायचं. हात टेकून उठती का, उठून तशीच उभी राहती का, तांब्या घासल्याला हाय का. तुझ्या कागदावरचे प्रश्न नंतर."

कागद माझा होता खरा. औषधशास्त्राची पदवी घेऊन मी बारामतीत आले होते, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वर्षभर गोळ्यांची वजनं तपासून कंटाळले होते आणि मग एका मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांच्या दवाखान्यात रुजू झाले होते. डिप्रेशनवरच्या एका नव्या गोळीची चाचणी देशभर बऱ्याच दवाखान्यांत चालू होती, त्यांतला एक आमचा. मी कागदपत्रं बघायची. इंदूमावशी सरकारी आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या नर्स, राहायला बावड्यात. दर पंधरा दिवसांनी पेशंटच्या घरी जायचं, छापील प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून आणायची, हे त्यांचं काम. इंदापूर तालुक्यातलं एक घर असं नव्हतं जिथं त्यांना चहा मिळाला नसता.

चाचणीत काहींना खरं औषध मिळायचं आणि काहींना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली गोळी. हे पेशंटला आधी नीट सांगून त्याची सही घ्यायची असते. मी ते सांगायला लागले की समोरची बाई जांभई द्यायची. मावशींची तऱ्हा वेगळी. वरकुट्याच्या कमलला त्यांनी सांगितलेलं मला अजून आठवतं. कमलच्या घरची डाळिंबाची बाग, घरात काही कमी नाही, पण बाई चार महिने उंबऱ्याबाहेर पडली नव्हती.

"हे बघ कमल, दोन तऱ्हंच्या डब्या हायत. एकीत औषध, एकीत नुसतं पीठ. तुला कुठली मिळंल ते मला ठावं न्हाय, डॉक्टरला ठावं न्हाय, ह्या मॅडमला तर न्हायच न्हाय."

"मग ठावं कुणाला?"

"मुंबईतल्या मशिनीला. त्रास वाढला तर चाचणीतनं काढून नेहमीचं औषध देणार. आणि नगं वाटलं तर आत्ताच न्हाय म्हण, मी रागवायची न्हाय. चहा तेवढा पिऊन जाईन."

कमल हसली, चार महिन्यांत पहिल्यांदा म्हणे. सासूनं आतून येऊन बघितलं, कोण हसलं म्हणून.

औषध मेंदूत नेमकं काय करतं, हेही मावशी आपल्या पद्धतीनं सांगायच्या. "पाटाला पाणी हाय, पण वाफ्यापतुर पोचत न्हाय. ही गोळी मधली दारं उघडती." मेंदूतल्या पेशी रसायनांतून एकमेकींना निरोप देतात वगैरे मी चार वर्षं घोकलेलं, ते बाईंनी एका वाफ्यात बसवलं! मी म्हटलं, "मावशी, ते इतकं सोपं नाही हो. नक्की काय होतं ते शास्त्रज्ञांनाही अजून पुरतं कळलेलं नाही." त्यावर म्हणाल्या, "मग त्यांनी बी एकदा रानात येऊन पाण्याची दारं धरावी." मी कागदात डोकं घातलं. माझं हे नेहमीचंच व्हायचं.

सहा-सात महिने झाले आणि कंपनीचे तपासनीस मुंबईहून आले. इस्त्रीचा शर्ट, बारीक चष्मा, आवाज मात्र सौम्य. म्हणाले, "तुमच्या केंद्रात एक अडचण आहे. जवळजवळ सगळेच पेशंट बरे होताहेत."

"मग पेढं वाटा की!" मावशी म्हणाल्या.

साहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते आमच्याबरोबर गाडीतून हिंडले. मावशी एका घरात शिरल्या, पाणी मागितलं, मग नणंदेची चौकशी, म्हशीची चौकशी, मग पेशंट बाईच्या डोक्याला स्वतः तेल घातलं. कागद बाहेर यायला सव्वा तास लागला. परतताना साहेबांनी नियम सांगितला. भेट वीस मिनिटांची. प्रश्न छापलेत तसेच विचारायचे. बाकी बोलायचं नाही.

मावशींचा पारा असा चढला की बोलायची सोय नाही. साहेब गेल्यावर म्हणाल्या, "माणसाच्या घरी जाऊन बोलायचं न्हाय? मी काय लाइटचं मीटर वाचाय जाते व्हय?"

मी त्यांना समजावलं. म्हटलं, "पीठ खाणाऱ्या बायका तुमच्या बोलण्यानंच बऱ्या झाल्या, तर औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या सारख्याच दिसणार. मग औषधात दम आहे की नाही, ते कळणार कसं?"

 मग त्यांनी मला त्यांच्या धाकट्या बहिणीचं सांगितलं. लग्नानंतर दोन वर्षांनी ती अशीच भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. बाहेरचं काहीतरी झालंय म्हणून घरच्यांनी देवऋषी केले, उतारे टाकले. मावशी तेव्हा नर्सिंग शिकत होत्या, सुट्टीला आल्या की तिच्याशी बोलायच्या, तिला न्हाऊ घालायच्या, तेवढे दिवस ती बरी असायची. सुट्टी संपली की पुन्हा तेच. अशाच एका सुट्टीनंतर महिन्याभरात तिनं स्वतःला संपवलं.

"माझी सुट्टी संपली म्हणून गेली ती," मावशी म्हणाल्या. "गोळी पायजे, पोरी. बोलणारीची सुट्टी संपली तरी घरात ऱ्हाती अशी गोळी पायजे. माझ्या बोलण्यानं ती अडत आसंल तर मी न्हाय बोलणार."

दुसऱ्या दिवसापासून मावशींनी पर्समध्ये लवंगांची डबी ठेवली. घरात शिरण्याआधी एक लवंग दाढेखाली धरायच्या. जिभेला काम लागलं की बोलायची हुक्की येत नाही, असं त्यांचं म्हणणं. पाणी मागायचं नाही, म्हैस विचारायची नाही. कागद काढायचा, प्रश्न वाचायचे, उठायचं. गाडीत येऊन बसल्या की डोळ्यांत पाणी. लवंग तिखट लागली म्हणायच्या. मी मान डोलवायची. मला काय कळत नव्हतं थोडंच!

वरकुट्याला गेलो तेव्हा कमलनं चहा ठेवला होता. बाई चांगली सुधारली होती, बागेत जायला लागली होती. मावशींनी चहाला हात लावला नाही. वीस मिनिटांत उठल्या. कमल दारापर्यंत आली आणि म्हणाली, "मावशी, माझं काय चुकलं का?" मावशींनी नुसती मान हलवली. 

पुढच्या भेटीला कमल पुन्हा भिंतीशी बसलेली. मावशींनी प्रश्न वाचायला घेतले. जगण्याबद्दलच्या प्रश्नाशी आल्या तेव्हा कमल म्हणाली, "झोपावं आन् उठूच नये, आसं वाटतंय."

मावशींनी लवंग तोंडातून काढून खिडकीबाहेर फेकली. मला म्हणाल्या, "डॉक्टरला फोन लाव." आणि कमलशेजारी जमिनीवर बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. कमलचा नवरा डाळिंबं घेऊन इंदापूरला गेला होता. तो येईपर्यंत मावशी तिथून हलल्या नाहीत. सगळं बोलल्या, महिनाभराचं साठलेलं. मग आम्ही तिला बारामतीला आणलं. डॉक्टरांनी त्याच दिवशी तिला चाचणीतून काढलं आणि नेहमीचं, पारखलेलं औषध सुरू केलं. कमल सावकाश बरी झाली. आता तिची मुलगी दहावीला आहे.

दुसऱ्या दिवशी मी अहवाल लिहायला बसले. धोका दिसल्यावर थांबणं नियमातच बसत होतं, पण एवढा वेळ म्हटल्यावर साहेब मावशींना काढतील, अशी मला धास्ती. म्हटलं, "वीस मिनिटं लिहिते. बाकीचं डॉक्टरांकडे गेलो त्यात धरू."

मावशी म्हणाल्या, "घड्याळात जेवढं झालं तेवढं लिही. साडेचार तास. आन् मागच्या भेटीपासनं ती ढासळली, ते बी लिही. मी गप बसल्यावर ढासळली म्हणून." मग माझा हिरमुसलेला चेहरा बघून म्हणाल्या, "अगं, खोटं लिहून पास झाल्याली गोळी कुणाच्या तरी घरात जाईल की. तिच्या भरवशावर कुणी तरी सुट्टी संपवून निघून जाईल."

साहेब पुढच्या फेरीला आले, त्यांनी अहवाल वाचला, नोंदी केल्या, आणि मावशींना काढलं नाही. उलट जाताना त्यांना वाकून नमस्कार केला. मी त्या माणसाबद्दल काय काय बोलले होते, ते मनातल्या मनात मागे घेतलं.

चाचणी संपली. वर्षभरानं पत्र आलं. सगळ्या केंद्रांचे आकडे एकत्र केल्यावर गोळी आणि पीठ यांत म्हणावा असा फरक निघाला नव्हता. कंपनीनं ते औषध सोडून दिलं. मी ते सांगायला बावड्याला गेले. मावशी शेंगा फोडत होत्या. हात थांबला. "म्हंजी उगंच गप बसले मी," एवढंच म्हणाल्या आणि परत शेंगा फोडायला लागल्या. मीही शेजारी बसून शेंगा फोडायला लागले. अजूनही वाटतं, काहीतरी बोलायला हवं होतं.

त्यानंतर तीन वर्षांनी मावशींचे यजमान गेले. मी तोवर पुण्याला राहायला गेले होते, फोनवर बोलणं व्हायचं. मग मावशी फोन उचलेनाशा झाल्या. सून म्हणाली, "झोपूनच असत्यात." मी बावड्याला निघाले. पडवीत टेकले आणि आत हाक मारली, "मावशी, पाणी द्या, घसा वाळलाय."

खूप वेळ लागला. हात टेकून उठल्या. उठल्यावर तशाच उभ्या राहिल्या. तांब्या घासलेला नव्हता. माझ्या हातात तो देताना माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मला तपासतीस व्हय गं?" आणि रडायला लागल्या. मीही रडले, लपवत कशाला बसू? दुसऱ्या दिवशी त्यांना आमच्या त्याच डॉक्टरांकडे नेलं. कमलला दिली होती तीच जुनी गोळी मावशींना दिली.

पुन्हा गेले ती तीन महिन्यांनी. हाक मारायच्या आत मावशी पाण्याचा लखलखीत तांब्या घेऊन पडवीत आल्या. माझ्या पुढ्यात बसल्या, गोळ्यांची पट्टी कनवटीतून काढून तळहातावर धरली.

"ही बी कुणी तरी तपासली आसंल न्हवं, आपल्यासारखी?"

"हो मावशी. आपल्या आधी, कितीतरी वर्षांपूर्वी."

"मग तितं बी कुणी तरी बाई तोंडात लवंग धरून बसली आसंल," मावशी म्हणाल्या. "तिला न्हाय ठावं, पण तिच्या गप बसण्यानं मी उठले."

पट्टी परत कनवटीला लावली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आता सांग, वीस मिनिटं हायस का राहणार हायस?"

मी राहिले.