अण्णांची ऑनलाइन पेटी

ऑफिसातली रद्दी वर्षातून एकदा तरी भंगारवाला घेऊन जातो. किस्से कुणी नेत नाही, ते साचत राहतात. रत्नागिरीजवळच्या आमच्या आंबा बागायतदार गटाच्या ऑफिसात या सीझनला पेट्यांच्या बरोबरीने किस्से निघाले. कारण एकच, मी प्लगइन बदलायला घेतला.

प्लगइन म्हणजे वेबसाइटला जोडलेला छोटा प्रोग्राम. आमचा जुना फक्त गिऱ्हाइकाचा फोन नंबर घ्यायचा, मग बागायतदार फोन करून ऑर्डर ठरवायचे. नवा प्लगइन ऑर्डर, पैसे, पत्ता सगळं स्वतःच घेतो. गटाने अट घातली की, एप्रिलच्या बैठकीपर्यंत चालवून बघायचा. हात वर झाले तर ठेवायचा, नाहीतर वेबसाइटच बंद आणि माल पूर्वीसारखा वाशीला दलालाकडे. मी पुण्याची नोकरी सोडून आले होते ती या दलालांना टाळायलाच.

*

गटाचे अध्यक्ष अण्णा. जुना प्लगइन का बदलायचा, हे मी त्यांना अर्धी सकाळ समजावलं. तो बनवणाऱ्याने आता त्याकडे बघणं सोडलंय, म्हटलं.

"म्हणजे मेला काय तो?"

"नाही अण्णा. सोडून दिलं त्याने."

"मग असू दे. आपण सांभाळू."

*

ऑफिस सांभाळणाऱ्या नंदाताईंना सांगितलं, नवा प्लगइन तपासायला एक खोटी ऑर्डर टाका. त्यांनी पटकन सुचलं ते सासूबाईंचं नाव घातलं. ऑर्डर व्यवस्थित आली. मी खूश होऊन ती रद्द करायला गेले, तर पेटी निघूनही गेली होती.

नंदाताई शांत होत्या. "सासूबाईंच्या नावाने खोटी ऑर्डर? बरं दिसत नाही ते."

*

पहिली खरी ऑर्डर नाशिकची. पैसे आले, पत्ता आला, पेटी काही निघेना. अण्णांना विचारलं, तर त्यांचं उलट मलाच: "पैसे आले, पण तो आंबा खाणार कधी? त्यावर कितपत पिकलेला द्यायचा ते ठरतं. फोनवर आम्ही पहिलं तेच विचारायचो."

मुद्दा बरोबर होता. मी फॉर्ममध्ये 'कधी खाणार?' असा रकाना घातला. पुढच्याच गिऱ्हाइकाने लिहिलं, 'मिळाला की लगेच.'

अण्णांनी वाचलं. "याला केळी पाठव."

*

गटातले बापू अण्णांचे चुलत भाऊ. घरं शेजारी, मधे चिऱ्यांचा गडगा. तो नेमका कुणाच्या हद्दीत, यावरून दोघांचं बोलणं बंद. मला कळायला लागल्यापासून तरी बंदच. दोघांच्या आजोबांच्या हातचं जुनं कलम वाटणीत बापूंकडे गेलेलं.

बैठकीच्या आठवड्यात सकाळी लॉगिन केलं, तर नवी ऑर्डर. बापूंच्या बागेतली एक पेटी, जुन्या कलमाची. नाव अण्णांचं. पैसे भरलेले.

बापू स्वतः पेटी घेऊन ऑफिसात आले. मी म्हटलं, गडग्यावरून दिली असती तरी चाललं असतं.

"ऑर्डर ऑनलाइन आल्ये ना? मग कुरियरने जाऊ दे."

पेटी रत्नागिरीत गेली, गोडाऊनला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी पोचली.

बैठकीत मी विचारलं, नवा प्लगइन ठेवायचा का? सगळे अण्णांकडे बघायला लागले. अण्णा पंख्याकडे बघत होते. तसाच त्यांनी हात वर केला. लगोलग बापूंचा वर गेला. मग बाकीच्यांचे.

"फक्त एक," अण्णा मला म्हणाले. "पेटी भरणाऱ्याला सांग गो, पेंढा जरा जास्त घालायचा."

बापू एक खुर्ची सोडून बसले होते. तेही माझ्याकडेच बघत म्हणाले, "गिऱ्हाइकाला सांग, पुढच्या पेटीला घालतो."