मी पडलो तर पडू द्या

सावंगीला आमच्या खोलीत चौघे राहायचो. मी आर्वीचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. दोघे माझ्याच वर्गातले. चौथे दादा, हिंगणीकडचे, आमच्याहून सहा वर्षांनी मोठे, एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजला गेलेलं नव्हतं. प्रवेशाचा अर्ज, दाखले, शिष्यवृत्तीचा फॉर्म, सगळं दादांनी शेजारी बसून भरून दिलं होतं.

रविवारी दुपारी मेसमध्ये जेवून आलो की आम्ही चौघे मोबाइलवर एक गेम खेळायचो. त्याच्या शेवटच्या पायरीवर एक दगडाचा राक्षस होता. आम्ही त्याला दगड्या म्हणायचो. दादांकडे ढाल. दगड्याचं तोंड भिंतीकडे राहील असं त्याला अडवून धरायचं, हे त्यांचं काम. वर्गातला एक तिरंदाज, दुसरा तलवारवाला. मी वैद्य. जखमा भरायच्या, एवढंच.

दगड्याची निम्मी ताकद संपली की तो जमिनीवर पाय आपटायचा. जमिनीवर लाल गोल दिसायचा, त्याच्या बाहेर पळायचं. बाकीचे पळायचे. माझा मोबाइल जुना. जमीन हादरली की तो अडकायचा आणि मी गोलातच मरायचो. मेलेल्याजवळ पाच सेकंद उभं राहिलं की तो उठतो. दादा ढाल सोडून धावत माझ्याकडे यायचे. दगड्या वळायचा, आणि एकामागून एक चौघेही आडवे.

दोन महिने हेच चाललं. मला लिहून ठेवायची सवय, म्हणून प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक वेळी कोण कधी मेलं ते टिपत गेलो. अकरा डाव झाल्यावर पान वाचलं. नऊ डाव दादांनी जागा सोडली तिथेच गेले होते. हे मला कळलं, पण सांगवलं नाही. ज्यांनी आपल्याला हात धरून आणलं, त्यांना तुम्ही चुकताय असं कसं सांगायचं?

मग दादांना पुण्याला नोकरी लागली. सोमवारी सकाळी निघायचं ठरलं. तिकडे पाळीचं काम, चौघांना पुन्हा एकत्र वेळ मिळणार नव्हता. दादांना दगड्याला पाडून जायचं होतं. मलाही त्यांना तसंच पाठवायचं होतं.

शेवटच्या रविवारी दोन डाव हरलो.

"वैद्यच पयले मरते," तिरंदाज म्हणाला. "याले पाहून पेशंट पळून जाईन बे!"

"त्याले काऊन बोलतं?" दादा म्हणाले. "मोबाइल हँग होऊन राह्यला त्याचा. मी हाओ ना उचलाले."

मी उठलो, वही आणली आणि त्यांच्यासमोर उघडून ठेवली. त्यांनी पान वाचलं, पुन्हा वरून वाचलं.

"म्हंजे मी चुकून राह्यलो?"

"दादा, मी मेलो तं मले मरू द्या," मी म्हणालो. "तुमी जागेवरून हलू नका."

"तुले तसाच टाकून देऊ?"

"हो. मी मरायच्या आधीच तुमच्या सगळ्याइच्या जखमा भरून ठेवतो. मंग माझं कामच नाई उरत."

तलवारवाला म्हणाला, "करून तं पाहू."

तिसऱ्या डावात दगड्या निम्म्यावर यायच्या जरा आधी मी तिरंदाज आणि तलवारवाल्याला हात आखडता घ्यायला सांगितलं. तेवढ्या वेळात तिघांच्या जखमा पुऱ्या भरल्या. "आता मारा," म्हटलं. जमीन हादरली, मोबाइल अडकला आणि मी मेलो.

मेल्यावर पडदा करडा होतो, पण बाकीचे दिसत राहतात. दादांची ढाल माझ्या दिशेने जराशी वळली.

"दादा, नाई!" मी ओरडलो.

ढाल पुन्हा दगड्याकडे वळली. तिरंदाज दूर उभा राहून बाण सोडत होता, तलवारवाला मागून घाव घालत होता. दादा हलले नाहीत. एकदाही नाही. दगड्या कोसळला तेव्हा मी तसाच आडवा होतो. तिरंदाजाने मोबाइल गादीवर टाकून माझ्या पाठीत गुद्दा घातला.

दादा मात्र पडद्याकडे बघत होते. "लय जड गेलं रे," एवढंच म्हणाले.

सोमवारी मी त्यांची पेटी घेऊन वर्ध्याच्या बसस्टँडवर गेलो. गाडी लागल्यावर ते म्हणाले, "शिष्यवृत्तीचा फॉर्म सुरू झाला का फोन करजो. मी तिकडून भरून देतो."

"मी भरतो दादा," मी म्हणालो. "चुकलं तं फोन करतो."

त्यांनी माझ्या हातातून पेटी घेतली. "बरं," म्हणाले आणि गाडीत चढले.

फॉर्म मी भरला. एक दाखला जोडायचा राहिला म्हणून तो परत आला. मी दुसऱ्यांदा भरला.